एक लांब, तीन आखूड

आजचा भाग एका काळ्या स्क्रीनबद्दल आहे. आवाजात काळी स्क्रीन कशी दाखवणार, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण ऐका तरी. आणि जे ऐकण्याऐवजी हे वाचतायत त्यांच्यासाठी मी बोलण्यातले निम्मे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत. उरलेले सहन करा.

गोष्ट ऑक्टोबर २०२२ मधली. दिवाळीला आठवडा होता. माझी धाकटी बहीण ॲनिमेशन शिकत होती, तिचा प्रोजेक्ट सोमवारी जमा करायचा होता, आणि आमच्या नालासोपाऱ्याच्या घरातला पीसी होता २०१२ सालचा. एक फ्रेम रेंडर व्हायला चहा करून पिऊन कप विसळून होईपर्यंतचा वेळ लागायचा. ग्राफिक्स कार्ड हवं होतं हे आम्हाला दोन वर्षं माहीत होतं. पण ती दोन वर्षं म्हणजे लॉकडाऊन, चिपचा तुटवडा, आणि वर इथेरियमची ‘खाण’ चालवणारी मंडळी. दुकानात कार्ड आलं की ती उचलून न्यायची. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धतच बदलली, कार्डांनी खणणं थांबलं आणि भाव खाली आले. मग मी लॅमिंग्टन रोडला गेलो आणि १८,००० रुपयांचं कार्ड घेऊन आलो. त्यात बाबांचे दहा हजार होते. ते रिटायर झालेले, हिशोबी गृहस्थ. त्यांनी पैसे देताना एकच विचारलं, “नक्की चालेल ना?” मी बीटेक. मी म्हणालो, “चालेल म्हणजे काय!”

शुक्रवारी रात्री कार्ड बसवलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि स्क्रीन काळी. मॉनिटरनं ‘सिग्नल नाही’ अशी पाटी दाखवली आणि तो झोपी गेला.

आता हे कधी ना कधी बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात मी काय काय पाहिलं ते पटकन सांगतो. केबल मदरबोर्डाच्या जुन्या सॉकेटमध्येच राहिली होती. ही सगळ्यात कॉमन चूक आहे आणि ती मीही केली. कार्ड लावलं की बहुतेक बोर्ड आपलं स्वतःचं चित्र बंद करतात, त्यामुळे केबल कार्डालाच लावावी लागते. ती हलवली. तरी काळी. कार्डाला पॉवर सप्लायची वेगळी वायर लागते का ते पाहिलं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, त्याहून भूक मोठी असेल तर सहा किंवा आठ पिनांची वायर लावावी लागते. ती होती. कार्ड काढून परत बसवलं, खटका बसेपर्यंत दाबून. सोनेरी पट्टी खोडरबरनं पुसली. हसू नका, वसई-विरारच्या खाऱ्या हवेत हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. नव्या कार्डाला अर्थातच त्याची गरज नव्हती, पण हात रिकामे राहवत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी बरोबर केली. कीबोर्डावरचं कॅप्स लॉक दाबून पाहिलं. दिवा लागला. परत दाबलं, विझला. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता. आत सगळं चालू होतं, फक्त मला दिसत नव्हतं.

आणि इथेच खरं तर आजचा इतिहास सुरू होतो. कारण आपण कॉम्प्युटर म्हटलं की स्क्रीनच डोळ्यांसमोर आणतो, पण ही दोन घराणी वेगळी आहेत. सोयरीक फार नंतर जुळली.

१९४८ साली मँचेस्टरमध्ये जे पहिलं स्मृतीतला प्रोग्रॅम चालवणारं मशीन चाललं, त्यात टीव्हीसारखी काचेची नळी होती. पण ती कशासाठी? चित्र दाखवायला नाही, लक्षात ठेवायला! नळीच्या आतल्या बाजूला विजेचे ठिपके साठवायचे, ३२ ओळी, प्रत्येकीत ३२ ठिपके, आणि हीच त्या मशीनची मेमरी. शेजारी दुसरी नळी लावून माणसं तेच ठिपके बघायची. स्क्रीन म्हणजे मशीनच्या पोटात डोकावण्याची खिडकी होती, मशीनचा चेहरा नव्हता.

आपल्याकडची गोष्ट तर विरार लोकलच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याला घडली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण मंडळींनी पन्नाशीच्या दशकात कॉम्प्युटर बांधायला घेतला. १९५६ साली त्याचं छोटं प्रायोगिक रूप चाललं आणि १९६० साली पूर्ण आकाराचं मशीन कामाला लागलं. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, आणि २,०४८ शब्दांची मेमरी. आजच्या एका व्हॉट्सॲप फॉरवर्डलाही ती अपुरी पडेल. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं ‘टिफ्रॅक’ असं नाव ठेवलं. या मशीनला आज्ञा द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून आणि उत्तर यायचं ते टेलिप्रिंटरवर छापून. पण त्याला जोडून या मंडळींनी एक कॅथोड रे ट्यूबही बसवली, जिच्यावर आलेख आणि अक्षरं दिसायची. जोडीचं, दुय्यम आउटपुट म्हणून. मला हा ‘दुय्यम’ शब्द फार आवडतो. टिफ्रॅकची ती नळी काळी पडली असती तर कोणी घाबरलं नसतं. उत्तर टेलिप्रिंटरवर खटखटत आलंच असतं.

म्हणजे कॉम्प्युटरला स्क्रीन लागत नाही. स्क्रीन आपल्याला लागते. आणि दोघांच्या मध्ये एक मध्यस्थ लागतो, ज्याला आज आपण ग्राफिक्स कार्ड म्हणतो.

हा मध्यस्थ घराघरात आणला आयबीएमनं. १२ ऑगस्ट १९८१ ला त्यांनी पीसी जाहीर केला तेव्हा त्यात चित्राची सोय मदरबोर्डावर नव्हतीच. गिऱ्हाइकानं कार्ड निवडायचं. एक होतं एमडीए: फक्त अक्षरं, ८० रकाने आणि २५ ओळी, हिरव्या स्क्रीनवर, पण अक्षर असं कोरीव की हिशोबवाले खूश. दुसरं सीजीए: रंग होते, चित्रं काढता यायची, पण अक्षरं बघून डोळे दुखायचे. आता गंमत अशी की दोन्हीला नऊ पिनांचं एकसारखंच सॉकेट. सिग्नल वेगळे, पण प्लग बसायचा. हिरवा मॉनिटर चुकून रंगीत कार्डाला लावला तर तो बिघडू शकायचा. शिवाय मदरबोर्डावर बारीक स्विच असायचे, त्यातले दोन ‘कुठलं कार्ड लावलंय’ हे सांगण्यासाठी. म्हणजे ‘नवीन कार्ड लावलं आणि काहीच दिसेना’ ही तक्रार पीसीइतकीच जुनी आहे.

आणि त्यावरचा उपायही तितकाच जुना. आयबीएमच्या इंजिनियरांपुढे प्रश्न होता: स्क्रीनच चालत नसेल तर ‘स्क्रीन चालत नाही’ हे सांगायचं कुठे? त्यांनी आवाजात सांगितलं. पीसीत एक छोटा स्पीकर होता. सुरू होताना सगळं ठीक असेल तर एक आखूड बीप. चित्राच्या कार्डात घोळ असेल तर एक लांब, दोन आखूड.

हे मला कुठून कळलं माहितीये? कॉलेजात नाही. शुक्रवारी रात्री साडेअकराला बाबांकडून. ते पाणी प्यायला उठले, मला त्या उघड्या कॅबिनेटपुढे मांडी घालून बसलेलं बघितलं आणि विचारलं, “अरे, तो टूक-टूक किती वेळा करतोय?”

“काहीच करत नाहीये, बाबा.”

“असं कसं? त्याचा स्पीकर कुठे गेला?”

मी बघितलं. स्पीकर नव्हताच. मदरबोर्डावर त्यासाठी चार पिना होत्या, रिकाम्या. हल्लीच्या कित्येक कॅबिनेटमध्ये तो देतच नाहीत. चार पैसे वाचवायचे म्हणून मशीनची वाचाच काढून घेतलीय.

बाबांना हे ठाऊक असण्याचं कारण थोडं मागचं आहे, आणि खरं सांगायचं तर हा भाग मी त्या कारणासाठीच करतोय. नव्वदच्या दशकात ते मुंबईत एका कार्यालयात कारकून होते. विरारहून रोज जाऊन-येऊन. तिथल्या पीसीवर मराठीत पत्रं आणि याद्या व्हायच्या, आणि त्या होण्यासाठी मशीनमध्ये एक जादा कार्ड बसवलेलं असायचं. त्याला ते ‘जिस्टचं कार्ड’ म्हणतात. मी आयुष्यभर हा शब्द ऐकत आलोय आणि आयुष्यभर मला वाटत होतं की बाबा काहीतरी चुकीचं बोलतायत.

बाबा चुकीचं बोलत नव्हते. जिस्ट कार्ड ही आपल्या भाषेच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे, आणि ती पुण्यातली आहे.

तेव्हाची अडचण समजून घ्या. डॉसच्या काळातला पीसी अक्षर ‘काढत’ नव्हता. शून्य ते २५५ अशा क्रमांकांच्या ठरलेल्या आकृत्या कार्डातच कोरलेल्या असायच्या, आणि प्रत्येक आकृती एका ठरलेल्या चौकटीत बसायची. एमडीएची चौकट ९ ठिपके रुंद, १४ उंच. रोमन लिपीला हे झकास. ए म्हणजे ए, शेजारी बी. आता त्यात ‘क्ष’ बसवा. ‘र्त्य’ बसवा. ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर येते पण दिसते आधी, ते बसवा. उकार खाली, मात्रा वर, रफार डोक्यावर. त्या पीसीच्या दृष्टीनं मराठी ही काळी स्क्रीनच होती. मशीन जिवंत, पण आपल्याला आपलं काही दिसत नाही.

यावर आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झालं. १९८३ साली तिथल्या मंडळींनी देवनागरीत काम करणारा कॉम्प्युटर करून दाखवला. त्या कामातले मोहन तांबे पुढे पुण्याला आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं, तेच सी-डॅक ज्याचा ‘परम’ सुपरकॉम्प्युटर आपण शाळेत सामान्यज्ञानाला पाठ केला. परमला सगळा मानमरातब मिळाला असेल. पण माझं मत विचाराल तर सामान्य माणसाच्या टेबलावर सी-डॅकनं काय पोचवलं, तर जिस्ट.

जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसायचं आणि प्रोग्रॅम व स्क्रीन यांच्या मध्ये उभं राहायचं. युक्ती अशी. २५६ पैकी पहिले १२८ क्रमांक इंग्रजीचे, त्यांना हात लावायचा नाही. वरच्या अर्ध्यात आपली वर्णमाला बसवायची, आकारानं नाही तर उच्चारानं. क हा एक क्रमांक, हलन्त हा एक, ष हा एक. हे तीन ओळीनं आले की कार्ड स्वतःच ‘क्ष’ची आकृती रचून स्क्रीनवर काढणार. म्हणजे वर्डस्टार किंवा डीबेस यांच्यासारख्या प्रोग्रॅमना पत्ताच नाही की आपण मराठी साठवतोय. त्यांच्या लेखी ते नुसते आकडे. मराठी फक्त कार्डाला कळायची. आणि भारतातल्या बऱ्याचशा लिप्या ब्राह्मीच्या लेकी असल्यामुळे तेच आकडे ठेवून लिपी बदलता यायची. मराठीतलं नाव गुजरातीत किंवा कन्नडमध्ये बघता यायचं. या क्रमांकांच्या पद्धतीला इस्की म्हणतात. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. युनिकोडनं आपल्या लिप्यांची मांडणी करताना इस्कीचीच आधीची, १९८८ ची आवृत्ती पायाला घेतली. तुम्ही आत्ता फोनवर जे देवनागरी वाचताय, त्यात त्या कार्डाच्या आकड्यांची मांडणी अजून आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्याच घरातला.

आता बाबांची आठवण. कार्ड सैल झालं, किंवा साफसफाईत कोणी काढून ठेवलं, की यादी उघडल्यावर मराठीच्या जागी विचित्र आकृत्या यायच्या. आडव्या-उभ्या रेघा, चौकोन, डोक्यावर टिंब असलेली परदेशी अक्षरं. म्हणजे तेच वरचे आकडे, पण कार्ड नसल्यामुळे पीसीनं स्वतःच्या जुन्या आकृत्या काढलेल्या. नवीन कारकून घाबरायचे, फाइल उडाली म्हणून. बाबा त्यांना सांगायचे, “यादी आहे तिथेच आहे. वाचणारा जागेवर नाहीये.”

त्या कार्यालयात मशीन बघायला माणूस यायचा तो प्रथम काय करायचा? कॅबिनेट उघडायच्या आधी कान द्यायचा. टूक किती वेळा. म्हणून बाबांना बीप ठाऊक.

सन २००० मध्ये विंडोज २००० आलं आणि त्यात मराठी सॉफ्टवेअरमध्येच आली. आकृती रचण्याचं काम कार्डाकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे गेलं. जिस्ट कार्ड माळ्यावर गेलं. त्याच्या जाण्याबद्दल कोणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून मी बोलून घेतलं.

बरं, परत माझ्या काळ्या स्क्रीनकडे. शनिवारी सकाळची विरार फास्ट पकडली, कार्डाचा बॉक्स पोटाशी धरून. त्या गर्दीत १८,००० रुपये पोटाशी धरून उभं राहणं काय असतं हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. मुंबई सेंट्रलला उतरून चालत लॅमिंग्टन रोड. दुकानदारानं एक शब्द न बोलता कार्ड आपल्या टेबलावरच्या उघड्या मशीनला लावलं. दोन सेकंदांत चित्र. “कार्ड ओके आहे, साहेब. तुमचा पीसी किती जुना?” मी सांगितलं. त्यानं मान हलवली, जशी डॉक्टर हलवतात. मी तिथूनच तीस रुपयांचा तो छोटा काळा स्पीकर घेतला.

घरी येऊन चार पिनांवर तो बसवला, बटण दाबलं, आणि दहा वर्षं मुका असलेला पीसी बोलला. एक लांब, तीन आखूड.

आयबीएमचे दोन होते, इथे तीन. नंतर प्रत्येक कंपनीनं आपापले आकडे ठरवले. पण बऱ्याच ठिकाणी चाल तीच राहिली, आधी लांब आणि मग आखूड. माझ्या बोर्डाच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ एवढाच लिहिला होता की चित्राचं साधन सापडत नाही. याचा फायदा समजून घ्या. मी रात्रभर केबल, मॉनिटर आणि एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर यांच्यावर संशय घेत होतो. पण बीप करणारा बोर्ड मॉनिटरबद्दल बोलतच नव्हता. तो कार्डाबद्दल बोलत होता. कार्ड दुकानात चाललं होतं. म्हणजे कार्ड ठीक, बोर्ड ठीक, आणि दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

कन्व्हर्टरवरचा संशय अगदीच गैर नव्हता, हेही सांगतो. आमचा मॉनिटर सतरा इंची, पाठीमागे फक्त निळं व्हीजीए सॉकेट. ते पंधरा पिनांचं सॉकेट १९८७ साली आयबीएमच्याच पीएस/२ मशीनांबरोबर आलं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि इतर मोठ्या कंपन्यांनी जाहीर केलं की २०१५ पर्यंत ते बंद करायचं. कार्डांवरून ते गेलंसुद्धा. पण वसई-विरारमधल्या झेरॉक्सच्या दुकानांत, शाळांत, बँकांच्या काउंटरवर मला निळा प्लग अजून रोज दिसतो. कंपन्या घोषणा करतात आणि आपण कन्व्हर्टर विकत घेतो.

मग जमत का नव्हतं? आता थोडं नालासोपाऱ्याचं. आमच्या इथे पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणून टेकाड होतं. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते उकरलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या मध्यभागी दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक, मग चांदी, दगड, स्फटिक आणि सगळ्यात आत सोन्याचा. पेटीत पेटी. शाळेच्या सहलीत मला याचं काही वाटलं नव्हतं. पण पीसी सुरू होताना जे होतं ते समजून घेताना मला तो स्तूपच आठवतो, कारण नव्या मशीनच्या आत जुनं मशीन, त्याच्या आत आणखी जुनं, अशी ती रचना आहे.

१९८१ च्या पीसीच्या बायॉसला, म्हणजे सुरुवातीच्या त्या छोट्या प्रोग्रॅमला, फक्त एमडीए आणि सीजीए माहीत होती. १९८४ साली ईजीए कार्ड आलं, ते त्याच्या गावीही नव्हतं. मग आयबीएमनं ईजीएच्या अंगावरच एक चिप बसवली आणि तिच्यात ते कार्ड कसं चालवायचं याचा प्रोग्रॅम घातला. बोर्डानं सुरू होताना ठरलेल्या जागी जाऊन बघायचं, ओळखीची खूण दिसली की तो प्रोग्रॅम चालवायचा. नव्या सुनेनं आपली पाककृती बरोबर आणावी तसं. ही पद्धत पंचवीसहून जास्त वर्षं चालली.

मग यूईएफआय आलं. बायॉसच्या जागी नवीन पद्धत, नवीन भाषा. २००५ साली त्यासाठी कंपन्यांचा मंच झाला आणि २०१२ साली विंडोज ८ आल्यावर ती सगळीकडे पसरली. कार्डांना आता दोन पाककृती आणाव्या लागल्या, एक जुन्या भाषेत, एक नव्या. आणि बोर्डांना दुभाष्या ठेवावा लागला, त्याला सीएसएम म्हणतात. २०११ ते २०१३ च्या आसपासचे बोर्ड बरोबर या सांध्यावरचे. धड जुने नाहीत, धड नवे नाहीत. आमचा २०१२ चा. माझं कार्ड जे सांगत होतं ते त्याला अर्धवट कळत होतं आणि तो म्हणत होता, मला इथे कोणी सापडत नाही.

हे फक्त जुन्या मशीनचं दुखणं आहे असंही नाही. २०१८ साली एनव्हिडियानं आपल्या काही कार्डांसाठी एक छोटं दुरुस्ती-साधन काढलं, कारण डिस्प्लेपोर्टच्या नव्या आवृत्तीचा मॉनिटर लावला की विंडोज सुरू होईपर्यंत स्क्रीन काळी राहायची. पुढच्या पिढ्यांतल्या काही कार्डांसाठीही त्यांना तसंच साधन काढावं लागलं, आणि सल्ला तोच होता: आधी बोर्डाचं बायॉस अद्ययावत करा, तो यूईएफआय पद्धतीवर आहे का बघा, तोवर दुसऱ्या कुठल्या मार्गानं स्क्रीन मिळवा.

मीही रविवारी तेच करायचं ठरवलं. कार्ड काढलं, केबल परत बोर्डाला, जुनं चित्र आलं. बोर्डासाठीचं शेवटचं बायॉस उतरवून पेन ड्राइव्हवर घेतलं. पण हे काम करताना मधेच वीज गेली तर बोर्ड मरतो. अर्धा जुना, अर्धा नवा, आणि सुरू व्हायला कोणीच नाही. आणि त्या रविवारी सकाळपासून दोनदा वीज गेली होती. बहीण म्हणाली, “दादा, राहू दे. मी तशीच रेंडर लावते, होईल तेवढं होईल.” तिचा आवाज ऐकून कळत होतं की होणार नाही.

बाबा काही न बोलता चप्पल घालून खाली गेले. आमच्या बिल्डिंगखाली एका काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा मिनिटांनी बाबा आणि काका दोघं मिळून तो यूपीएस उचलून वर आले, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसताना. काका म्हणाले, “तास दीडतास वापरा, पण लवकर आणून द्या, उद्या परीक्षेचे फॉर्म आहेत.” मी बाबांना ओरडलो, कंबर सांभाळा म्हणून. ते म्हणाले, “दहा हजार माझे आहेत त्यात.”

अपडेटला तीन मिनिटं लागली. टक्क्यांची पट्टी ६० वर थोडी थांबली तेव्हा खोलीत कोणी श्वास घेतला नाही. पूर्ण झालं. मशीन बंद केलं, कार्ड बसवलं, केबल कार्डाला लावली, आणि बटण बाबांना दाबायला सांगितलं.

एक आखूड बीप. मग चित्र.

प्रोजेक्ट सोमवारी दुपारी जमा झाला. काकांचा यूपीएस रविवारी रात्रीच परत गेला, सोबत आईनं केलेल्या चकल्या. तो तीस रुपयांचा स्पीकर मात्र मी काढला नाही, वायरीच्या टोकाला कॅबिनेटमध्ये तसाच लोंबकळतोय. बहीण सकाळी पीसी लावते तेव्हा बाबा पेपर वाचत असतात. टूक झालं की ते मान वर न करता म्हणतात, “लागला,” आणि पान उलटतात.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, ऑफिसच्या माळ्यावर अजून एखादं जिस्ट कार्ड पडलं असेल तर कृपया रद्दीत घालू नका. मला कळवा, मी येऊन बघेन. विरार ते डहाणू कुठेही.